गुडघ्याचं हाफ तिकीट

पासष्ट पूर्ण झाली की एसटीत अर्ध्या तिकिटात प्रवास करता येतो. मला त्याला अजून दोन वर्षं आहेत. गुडघ्याला मात्र सवलत आधीच मिळाली. गेल्या वर्षी फेब्रुवारीत माझ्या डाव्या गुडघ्याचं ‘पार्शल’ ऑपरेशन झालं, म्हणजे अख्खा सांधा न बदलता झिजलेला तेवढाच भाग बदलला. तेव्हापासून डेपोतले जुने सोबती, त्यांचे मेहुणे, मेहुण्यांचे शेजारी, सगळ्यांचे फोन चालू आहेत. “बापू, वाट्या बदलल्या म्हणे. किती पडले?” दर वेळी तीच हकिगत पहिल्या स्टॉपपासून सांगावी लागते, म्हणून एकदाची लिहूनच काढतोय.

मी डॉक्टर नाही. बत्तीस वर्षं तासगाव डेपोत वाहक होतो. इथं जे आहे ते माझ्या गुडघ्याचं, डॉक्टरांना विचारून विचारून भंडावून सोडलं त्यातलं, आणि फार्मसी शिकलेल्या माझ्या मुलीनं वाचून समजावलेलं. तुमचा गुडघा तुमच्या डॉक्टरांनीच तपासायचा. त्यांच्यापुढं काय घेऊन जायचं, काय विचारायचं आणि घरी काय मांडून ठेवायचं, एवढं माझ्याकडून घ्या.

आणि आधी ते ‘वाट्या बदलल्या’ सोडा. वाटी म्हणजे गुडघ्यावरचं ते गोल हाड. माझी वाटी जन्मापासूनची आहे, तिला कुणी हातसुद्धा लावलेला नाही.

कुठं दुखतंय, तिथं बोट ठेवा

गुडघा म्हणजे एक बिजागरी, असं मीही समजत होतो. प्रत्यक्षात त्यात तीन कप्पे असतात. मांडीचं हाड खाली येऊन दोन गोलसर टोकांनी नडगीच्या हाडावर टेकतं. एक टोक आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या पायाकडं, आणि एक बाहेरच्या बाजूला. तिसरा कप्पा वाटीच्या मागं. तिन्हीकडं हाडांवर गुळगुळीत गादी असते. आपल्याकडं बहुतेकांची झीज आतल्या कप्प्यात सुरू होते. आतली गादी झिजली की पाय थोडा बाकतो, पाय बाकला की भार आणखी आतल्या बाजूला पडतो आणि झीज वाढते. हळूहळू दोन पायांमधून मांजर आरपार जाईल अशी कमान तयार होते.

चालून आल्यावर खुर्चीत बसा आणि सगळ्यात जास्त कुठं दुखतं ते एका बोटानं दाखवा. मी दाखवलं तेव्हा बोट थेट आतल्या बाजूला, सांध्याच्या फटीवर, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर गेलं. आमच्या हिला विचारलं तर तिनं अख्खा पंजा गुडघ्यावर फिरवला. तिची झीज सगळीकडं आहे. हे काही निदान नव्हे, नुसता सुगावा. पण तो घेऊन गेलात तर डॉक्टरांशी बोलणं नीट जागेवरून सुरू होतं.

एक्स-रे उभ्यानं काढा

या एका गोष्टीपायी माझं दीड वर्ष वाया गेलं. पहिला एक्स-रे मला टेबलावर आडवं करून काढला. रिपोर्टात ‘किरकोळ झीज’. मी म्हणालो, किरकोळ आहे तर मग जिना चढताना डोळ्यांपुढं काजवे का चमकतात? मलम, गोळ्या, गरम पट्टा, सगळं झालं. पुढं मिरजेतल्या एका डॉक्टरांनी दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं केलं आणि एक्स-रे काढला. आतल्या बाजूला हाडावर हाड टेकलेलं. आडवं झाल्यावर सांध्यावर भार नसतो, त्यामुळं हाडांमधली फट दिसते. उभं राहिलं की खरा ‘गॅप’ कळतो. रिकामी गाडी बघून स्प्रिंगा ठीक आहेत म्हणण्यासारखंच ते.

पार्शलचा विचार असेल तर एका फोटोवर भागत नाही. माझे निघाले ते असे: उभ्यानं समोरून, गुडघे थोडे वाकवून उभ्यानं, बाजूनं, वाटीचा वरून, आणि एक ताण देऊन. शेवटच्यात पाय बाहेरच्या बाजूला दाबून धरतात आणि बघतात, की बाहेरच्या कप्प्यातली गादी पूर्ण जाडीची शाबूत आहे का, आणि बाकलेला पाय सरळ होतो का. दाबताना दुखतं, पण सगळा निर्णय त्या फोटोवर ठरतो. एमआरआय प्रत्येकाला लागतोच असं नाही. माझा काढला नाही.

हाफ तिकीट कुणाला मिळतं

माझ्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. मी माझ्या भाषेत सांगतो.

झीज एकाच कप्प्यात हवी, आणि तिथं ती पुरती झालेली हवी. हे ऐकून मी चकित झालो होतो. मला वाटायचं, झीज थोडी असेल तर अर्धं ऑपरेशन आणि जास्त असेल तर पूर्ण. तसं नाही. अर्धवट झिजलेल्या गुडघ्यावर पार्शल केलं तर बरेचदा दुखणं जात नाही, कारण दुखण्याचं मूळ दुसरीकडंच असतं. हाडावर हाड आलेलं असेल, पण एकाच कप्प्यात, तर हे ऑपरेशन.

दुसरं, लिगामेंट, म्हणजे हाडं एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या दोऱ्या, शाबूत हव्यात. गुडघ्याच्या मधोमध दोन दोऱ्या एकमेकींना छेदून जातात, त्यातली पुढची एसीएल. पूर्ण गुडघा बदलताना ती साधारणपणे काढून टाकतात. पार्शलमध्ये ती जागेवर राहते आणि गुडघा तिच्याच जिवावर चालतो. ती तुटलेली असेल, गुडघा चालता चालता सटकत असेल, तर डॉक्टरांना आधी तसं सांगा.

तिसरं, गुडघा बऱ्यापैकी वाकायला हवा आणि जवळपास सरळही व्हायला हवा. बाक असेल तर तो हातानं दाबून सुटणारा हवा, आखडून बसलेला नको.

आमवात, म्हणजे रुमेटॉइड, किंवा सांध्यांची दुसरी कुठली सूज असणाऱ्यांसाठी हे नाही. त्या आजारात अख्खा सांधा आतून पोखरला जातो, एक कप्पा बदलून काय उपयोग? वय आणि वजनाबद्दल मात्र मतं बदलली आहेत. १९८९ साली दोन अमेरिकन सर्जननी लिहून ठेवलं होतं की वय साठच्या पुढं हवं आणि वजन ८२ किलोच्या आत. कितीतरी वर्षं सगळे त्याच मापानं मोजत होते. आता बरेच सर्जन ते काटेकोर पाळत नाहीत. माझं वजन ८४ होतं, तरी माझं पार्शल झालं. वय कमी असेल, पाय बाकलेला असेल आणि काम अंगमेहनतीचं असेल, तर नडगीचं हाड कापून पाय सरळ करण्याचंही ऑपरेशन असतं. चाळिशी-पन्नाशीतल्यांनी तेही विचारून घ्यावं.

आणि ऑपरेशनच्या आधी करण्यासारखं सगळं खरंच केलंय का, ते स्वतःच्या मनाशी तपासा. एक किलो वजन उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार जवळजवळ चार किलोनं हलका होतो. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम तीन महिने नेमानं केलेत का? माझे एक सोबती व्यायामाच्या नावानं फक्त पारावर जाऊन बसायचे.

अर्धं की पूर्ण

पहिल्यांदा मी ज्यांच्याकडं गेलो, त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं, “दोन्ही गुडघे टोटल करा, एकदमच करून टाका, पॅकेजमध्ये बसवतो.” माझा उजवा गुडघा महिन्यातून एकदा कुरकुरतो. त्याचं टोटल, म्हणजे अख्खा सांधा बदलायचा? मी “घरी विचारतो” म्हणालो आणि उठलो. दुसरं मत घेताना संकोच करू नका. तुमचे एक्स-रे तुमचे आहेत, मागून घ्या.

पार्शलचे फायदे मला स्वतःला जाणवले. चीर लहान, माझी जेमतेम चार इंच. रक्त कमी जातं, पाय लवकर चालतो, आणि आतल्या दोऱ्या आपल्याच असल्यामुळं गुडघा ‘आपला’ वाटतो. ब्रिटनमध्ये २७ दवाखान्यांत ५२८ रुग्णांवर अर्धं आणि पूर्ण अशी तुलना झाली. २०१९ मध्ये तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. पाच वर्षांनी दोन्ही गटांतले गुडघे जवळपास सारखेच चालत होते, आणि अर्ध्याचा एकूण खर्च कमी होता.

आता दुसरी बाजू, जी पॅकेज विकणारे सांगत नाहीत. पार्शल झालेल्यांपैकी जास्त जणांना पुढं पुन्हा ऑपरेशन लागतं. इंग्लंडमध्ये बसवलेल्या गुडघ्यांची नोंदवही ठेवतात. तिच्यात ढोबळमानानं दहा वर्षांत शंभरात दहाच्या आसपास पार्शल पुन्हा करावे लागलेले दिसतात, टोटल तीन-चार. कधी बाकीच्या कप्प्यांत झीज होते, कधी बसवलेला भाग सैल होतो. शिवाय पार्शल दुखायला लागलं तर ‘अजून टोटलचा पर्याय आहे’ म्हणून लोक लवकर तयार होतात, हेही एक कारण. मी हे समजून घेऊनच गेलो. मला अडुसष्टाव्या वर्षी दुसऱ्यांदा टेबलावर जायची भीती वाटत नाही. ज्यांना वाटते, त्यांनी टोटल करावं, त्यात काही चूक नाही.

सर्जनला काय विचारायचं

पहिला प्रश्न: “साहेब, तुम्ही वर्षाला किती पार्शल करता?” विचारताना माझी जीभ जड झाली होती, पण हा सगळ्यात कामाचा प्रश्न. हे ऑपरेशन दिसायला लहान, करायला नाजूक. वर्षातून चार-दोनदा करणाऱ्यांनी बसवलेले गुडघे जास्त बिघडतात, असं नोंदवह्या सांगतात. चांगला सर्जन रागावत नाही. माझे हसले आणि त्यांनी आकडा सांगितला.

दुसरा: “उघडल्यावर बाकीचे कप्पेही खराब दिसले तर?” अशा वेळी तिथंच टोटल करतात. त्याची संमती आधी घेतात आणि दोन्ही तऱ्हेचे भाग तयार ठेवतात. त्या कागदावर सही करण्याआधी घरच्यांना हे नीट समजावून सांगा. नाहीतर बाहेर बसलेल्या माणसांना वाटतं, काहीतरी बिघडलं.

तिसरा: मधली चकती कोणती? वर मांडीच्या हाडाला धातूची टोपी बसते, खाली नडगीवर धातूची पट्टी, आणि मध्ये टणक प्लास्टिकची चकती. ही चकती दोन तऱ्हांची असते: खालच्या पट्टीला घट्ट बसलेली, किंवा गुडघ्याबरोबर सरकणारी. सरकती कमी झिजते, पण ती जागेवरून निसटण्याचा थोडा धोका असतो. आपल्यासारख्या जमिनीवर बसणाऱ्या आशियाई लोकांत तो जास्त दिसला आहे. तुम्ही मांडी घालता का, उकिडवे बसता का, शेतात काम करता का, हे त्यांना न लाजता सांगा.

रोबोटचं विचारताय? रोबोट एकटा ऑपरेशन करत नाही. मोजमाप आणि हाड कापणं अचूक व्हायला मदत करतो. त्याचे पैसे वेगळे लागतात. माझं रोबोटशिवाय झालं. रोबोट आहे म्हणून नवख्या हातात जाऊ नये, असं माझं मत.

पैशाचं बोलून घ्या

बिलाचा खर्डा आधी लेखी मागा: इम्प्लांट, म्हणजे आत बसवायचे भाग, वेगळं, सर्जन वेगळा, भूल वेगळी, खोली वेगळी, औषधं वेगळी. २०१७ च्या ऑगस्टपासून केंद्र सरकारनं गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींना लगाम घातला. तेव्हा पूर्ण गुडघ्याच्या नेहमीच्या कोबाल्ट-क्रोम इम्प्लांटला ५४,७२० रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा ठरली होती. म्हणून इम्प्लांटचा आकडा अवाच्या सवा दिसला तर ‘हे सरकारी मर्यादेत आहे ना?’ एवढंच शांतपणे विचारा. इम्प्लांटच्या खोक्यावरचे स्टिकर तुमच्या कागदांत लावून घ्या. त्यावर कंपनी, माप आणि क्रमांक असतो. वीस वर्षांनी कुणी गुडघा उघडला तर त्यालाही तेच लागणार. मला ते डिस्चार्जच्या वेळी मिळालेच नव्हते. जावई दोनदा जाऊन बसला तेव्हा मिळाले.

विमा असेल तर दोन अटी बघा. सांधेबदलाला बहुतेक पॉलिसींमध्ये सुरुवातीची काही वर्षं थांबावं लागतं. आणि खोलीभाड्याची मर्यादा ओलांडली तर नुसतं जादा भाडंच नाही, इतर खर्चही त्या प्रमाणात कापला जाऊ शकतो. खिडकीतून डोंगर दिसणारी खोली घेण्याआधी हे वाचा. सरकारी योजनेत बसतं का, ते त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारावं.

सहा आठवडे आधी

तंबाखू. बत्तीस वर्षं ड्यूटीवर तंबाखूच्या पुडीनंच साथ दिली. डॉक्टर म्हणाले, जखम भरायला रक्त लागतं आणि तंबाखू रक्ताची वाट अरुंद करते. सहा आठवडे आधी सोडा, नाहीतर तारीख देत नाही. सोडली. मिश्री लावणाऱ्या बायकांनाही हे लागू आहे, मिश्रीला कुणी तंबाखूत मोजत नाही म्हणून सांगतो.

साखर असेल तर तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी होते. माझ्या डॉक्टरांना साडेसातच्या आत हवी होती, माझी आठ पूर्णांक एक. एक महिना तारीख पुढं गेली. राग आला, पण साखर जास्त असताना जंतुसंसर्गाचा धोका वाढतो आणि धातू बसवलेल्या सांध्यात जंतू शिरले की ते निघता निघत नाहीत. त्यासाठीच किडलेला दात, लघवीची जळजळ, पायावरचं गळू, बोटांमधल्या चिखल्या, हे सगळं आधी निस्तरायचं.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती कधी थांबवायची हे डॉक्टरच सांगतील, स्वतः ठरवू नका. गावठी तेलं आणि झाडपाल्याचे लेप बंद. कातडीला पुरळ आलं तर ऑपरेशन रद्द होतं. आणि पायाचे केस घरी रेझरनं काढू नका. मी स्वच्छतेच्या हौसेनं काढायला बसलो होतो, मुलीनं हातातून रेझर ओढून घेतलं. पातं लागून बारीक ओरखडे उठतात आणि तिथंच जंतू वस्ती करतात.

व्यायाम मात्र आधीपासून शिकून घ्या. नंतर वेदनेत शिकायला डोकं चालत नाही.

घर मांडून ठेवा

आमच्या घरातला संडास भारतीय आणि मागच्या दारी. त्यावर ठेवायची कमोड-खुर्ची भाड्यानं मिळते. हात टेकायला दांडे असलेलीच घ्या. झोपायला कॉट, गादी जमिनीवर नको. बसायची खुर्ची उंच आणि हातांची. सोफ्यात बसलात तर दोन माणसं लागतील उठवायला. पायपुसणी, सतरंज्या, दारातल्या चपलांचा ढीग, सगळं उचला. उंबऱ्यावर मी पांढरी पट्टी मारून घेतली, रात्री दिसावा म्हणून. बाथरूममध्ये घसरू नये अशी रबरी चटई आणि प्लास्टिकची खुर्ची.

वॉकर धरला की दोन्ही हात अडकतात, ही गोष्ट कुणी सांगत नाही. मोबाइल, पाण्याची बाटली, गोळ्या कशात न्यायच्या? रिटायर होताना चामडी बॅग डेपोत जमा केली होती. मग हिनं जुन्या खाकी पँटची तशीच पिशवी शिवली आणि वॉकरच्या पुढं बांधली. नात म्हणाली, “आजोबा, तिकीट द्या.”

ऑपरेशनचा दिवस

याचं फार सांगण्यासारखं नाही, कारण मला फार आठवत नाही. पाठीत भूल, कमरेखालचं शरीर गेलेलं, गुंगीचं औषध. मध्येच सुताराच्या दुकानातल्यासारखा आवाज आला. सव्वा तासात बाहेर. मांडीत एक वेगळं इंजेक्शन देऊन नस बधिर करतात, त्यामुळं पहिली रात्र बरी जाते. संध्याकाळी भूल उतरल्यावर फिजिओ ताई आली, “काका, चला, उभं राहायचं.” मला वाटलं थट्टा करतेय. वॉकर धरून दारापर्यंत गेलो आणि आलो. तिसऱ्या दिवशी घरी.

पहिले पंधरा दिवस

खरं ऑपरेशन इथं सुरू होतं. डॉक्टरांचं काम सव्वा तासाचं, तुमचं तीन महिन्यांचं.

नस बधिर करणाऱ्या इंजेक्शनचा असर उतरला की दुखणं जोरात येतं, बहुधा दुसऱ्या दिवशी. घाबरू नका. गोळी घड्याळाप्रमाणं घ्यायची, दुखायची वाट बघत बसायचं नाही. व्यायामाच्या अर्धा तास आधी घेतलेली गोळी जास्त कामाची. त्या गोळ्यांनी पोट घट्ट होतं, म्हणून पहिल्या दिवसापासून पाणी, फळं, लागलं तर इसबगोल.

व्यायाम मी दिवसातून चार वेळा केले. टाच टेकवून पाऊल वर-खाली, पंप मारल्यासारखं, दर तासाला. यानं पोटरीत रक्त साकळत नाही. मग पाय सरळ ठेवून मांडी आवळायची आणि गुडघा गादीत दाबायचा, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. मग सरळ पाय वीतभर उचलायचा. मग टाच घसटत गुडघा वाकवायचा. टाचेखाली प्लास्टिकची पिशवी ठेवली की छान सरकते, ही माझी स्वतःची युक्ती.

वाकण्याच्या नादात सरळ करणं विसरू नका. सगळे विचारतात, “किती वाकतो?” कुणी विचारत नाही, “सरळ होतो का?” गुडघा पूर्ण सरळ झाला नाही तर तुम्ही कायमचे लंगडत चालाल. म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवायची नाही, कितीही बरं वाटलं तरी. आमची ही मायेनं रोज रात्री उशी सरकवायची आणि मी रोज काढायचो. उशी ठेवायचीच तर टाचेखाली.

बर्फ कपड्यात गुंडाळून, पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. थेट कातडीवर नाही. सूज घोट्यापर्यंत उतरते, काळा-निळा रंग पोटरीपर्यंत येतो. पाहून जीव दडपतो, पण ते तसंच असतं. रात्र फार वाईट जाते, दोन-तीन आठवडे. मी रात्री तीन वाजता वॉकर घेऊन ओसरीवर फेऱ्या मारायचो. मुक्कामी गाडीला असताना असाच जागायचो.

टाके बाराव्या-चौदाव्या दिवशी निघाले. तोवर जखम कोरडी. भेटायला येणाऱ्यांना पलंगावर बसू देऊ नका. आणि जो येतो तो एक उपाय घेऊन येतो. हळदीचा लेप, अमुक तेल, तमुक बाबा. जखमेवर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय काही लागता कामा नये. चहा पाजा आणि वाटेला लावा.

फोन कधी उचलायचा

एका पायाची पोटरी कडक होऊन दुखायला लागली, पाय अचानक जास्त सुजला, तर त्याच दिवशी दाखवा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर वाट बघायची नाही, थेट तातडीच्या विभागात. रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली की वेळ मिळत नाही. थंडी वाजून ताप, जखमेतून पाणी किंवा पू, लाली पसरत जाणं, किंवा कमी होत आलेलं दुखणं अचानक वाढणं, हे सगळं दाखवायचं. गावातल्या डॉक्टरांकडून अँटिबायोटिक घेऊन दाबायचं नाही. आधी सर्जनला फोन.

उलट काही गोष्टींना मी उगाच घाबरलो. जखमेच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढी जागा बधिर झाली, आज चौदा महिन्यांनी नाण्याएवढी उरली आहे. गुडघा चार महिने गरम लागायचा. चालताना आतून ‘टक’ असा आवाज येतो, धातू आणि प्लास्टिकचा. आता मला तो ऐकूही येत नाही.

जिना, रस्ता, एसटी

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. लक्षात राहावं म्हणून मी म्हणायचो, चढताना शहाणा पुढं, उतरताना नाठाळ पुढं. वॉकर दोन आठवडे, मग काठी. काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरायची. डावा गुडघा, उजव्या हातात काठी. आमच्या गल्लीतले निम्मे लोक उलटी धरतात. पाचव्या आठवड्यात काठी सुटली. मोटरसायकल सहा आठवड्यांनी, तीही डॉक्टरांना विचारून. गाडी अचानक थांबवायला पाय झटकन टेकला पाहिजे, तेवढा भरवसा आल्याशिवाय नाही. प्रत्येकाचं गणित वेगळं असतं, माझे आठवडे बघून स्वतःला कमी लेखू नका.

सातव्या आठवड्यात तासगाव-सांगली गाडीत चढलो. बत्तीस वर्षांत तो फूटबोर्ड एवढा उंच कधी वाटला नव्हता. दांडा धरला, उजवा पाय आधी, मग डावा. मागून कुणीतरी ओरडलं, “चला लवकर, म्हातारबा.” वाहक पोरगी माझ्या ओळखीची. तिनं मी बसेपर्यंत डबल बेल दिली नाही.

मांडी घालता येते का

शंभर जणांतले नव्वद जण हेच विचारतात. माझा गुडघा आता जवळपास पहिल्याइतका वाकतो. सहा आठवड्यांनी एकशे पंधरा अंश होता, वर्षानं एकशे तीस. मांडी घालता येते, आणि मी सत्यनारायणाला घालून बसलोही. पण डॉक्टर म्हणाले, “येते म्हणून रोज घालू नका.” माझी चकती सरकती आहे. उकिडवं बसणं, पूर्ण वाकवून गुडघा पिळणं, यात ती निसटू शकते. पार्शलवाल्यांना टोटलवाल्यांपेक्षा हे बरेचदा सोपं जातं, पण ‘येतं’ आणि ‘करावं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुडघे टेकणं चालतं, नुसतं विचित्र वाटतं, खालून कुणी पुठ्ठा ठेवल्यासारखं. मी जाड घडी घेतो.

चालणं, पोहणं, सायकल यांना मोकळीक आहे. धावणं आणि उड्या मारणं नाही. तसंही मी तिकीट न काढणाऱ्यांच्या मागंसुद्धा कधी धावलो नाही.

गुरुवारच्या भजनात मी आता भिंतीजवळ स्टुलावर बसतो, टाळ घेऊन. पहिले दोन गुरुवार सगळ्यांनी वळून वळून बघितलं. तिसऱ्या गुरुवारी आणखी दोघांनी घरून स्टूल आणले.